पुढच्याला केळं, मागच्याला तोफगोळा

‘मारिओ कार्ट’ला नावं ठेवायची तर सुरुवात कुणीही ब्लू शेलपासून करतो. शेवटची फेरी चालू आहे, अंतिम रेषा समोर दिसते आहे, सगळी वळणं नीट कापली आहेत, गाडी एकदाही गवतात गेलेली नाही. आणि मागून कुठून तरी, सातव्या-आठव्या नंबरवर रखडलेल्या गड्याने सोडलेलं ते निळं काटेरी कवच येतं, पहिल्या गाडीच्या डोक्यावर क्षणभर घिरट्या घालतं आणि फुटतं. गाडी हवेत उडते, खाली येऊन पुन्हा वेग घेईपर्यंत दोघं-तिघं पुढे निघून गेलेले असतात. हातातोंडाशी आलेला घास जातो. ज्याने तो घालवला त्याच्या पदरात बहुधा काहीच पडत नाही, तो सातवाच राहतो. हा काय न्याय झाला, असं विचारणाऱ्याला चूक म्हणता येणार नाही. कौशल्याने कमावलेलं नशिबाने हिरावून घेणारा खेळ म्हणून या गेमची जी अपकीर्ती आहे, ती अशा क्षणांवर उभी आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. ब्लू शेलमध्ये या गेमचा दोष आहे तसाच त्याचा सगळ्यात मोठा गुणही आहे, आणि त्या क्षणी त्यातलं काय वाट्याला येणार हे शेजारी कोण बसलंय यावर ठरतं.

त्यासाठी गेमचा जन्म पाहायला हवा. निन्टेन्डोने १९९० साली ‘एफ-झीरो’ नावाची शर्यतीची गेम काढली होती. वेगवान, देखणी, पण एकट्याने खेळायची. तिच्यानंतर दोघांना एकाच वेळी खेळता येईल असं काहीतरी करावं म्हणून शिगेरू मियामोतो यांच्या देखरेखीखाली हिदेकी कोन्नो आणि तादाशी सुगियामा कामाला लागले. अडचण यंत्राची होती. एकच स्क्रीन दोघांत वाटायची म्हणजे दोन दृश्यं एकदम रंगवायची, आणि ‘एफ-झीरो’सारखे लांबलचक सरळ रस्ते त्या यंत्राला तसे झेपेनात. मग रस्ते आखूड झाले, वळणं वाढली, वेग उतरला आणि मोटारींच्या जागी छोट्या कार्ट आल्या. चालकही आधी ओव्हरऑल घातलेला साधा माणूस होता, त्याच्या जागी मारिओ नंतर बसला. १९९२च्या ऑगस्टमध्ये जपानात आलेल्या ‘सुपर मारिओ कार्ट’मध्ये तुम्ही एकटे खेळायला बसलात तरी स्क्रीन अर्धीच मिळते, खालच्या अर्ध्यात रस्त्याचा नकाशा नाहीतर मागचं दृश्य दिसत राहतं. दुसऱ्या माणसाची जागा राखून ठेवलेलीच असते. आपल्याकडे नव्वदीत घरोघरी आलेल्या नकली ‘टीव्ही गेम’मुळे मारिओ ओळखीचा झाला, पण तो १९८५चा, आळीपाळीने खेळायचा मारिओ. एकाचा जीव जाईपर्यंत दुसरा कंट्रोलर मांडीवर ठेवून वाट बघणार. दोघांनी एकाच क्षणी एकाच रस्त्यावर एकमेकांच्या वाटेत केळ्याची साल टाकायची ही कल्पना त्या स्वस्तातल्या काडतुसांतून आपल्यापर्यंत फारशी पोचली नाही.

आता नियम पाहू. रस्त्यावर ठेवलेल्या पेट्यांना धडकलं की काहीतरी हत्यार मिळतं, आणि काय मिळणार ते तुम्ही कितव्या नंबरवर आहात यावर बरंचसं ठरतं. पहिल्याला केळं, हिरवं कवच किंवा एखादं नाणं. मधल्यांना मशरूम, लाल कवच. अगदी मागच्याला तारा, वीज, नाहीतर स्वतःच तोफगोळा होऊन दहा जणांना मागे टाकण्याची सोय. ब्लू शेल आलं १९९६च्या ‘मारिओ कार्ट ६४’मध्ये. शेवटपर्यंत सगळेच शर्यतीत राहावेत असा हेतू त्यामागे होता, हे कोन्नो यांनी पुढे सांगितलं. हा हेतू आपल्याला परका नाही. लपंडावात धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून घेतात, त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो खेळात असतो. गेमने एवढंच केलं की कच्चा लिंबू कोण हे वयावर न ठेवता क्षणाक्षणाला बदलतं ठेवलं. म्हणून आठ वर्षांची मुलगी, तिचा कॉलेजातला भाऊ आणि पन्नाशीचा काका एका शर्यतीत बसू शकतात आणि तिघांनाही शेवटच्या फेरीत धाकधूक असते. बुद्धिबळात, कॅरममध्ये किंवा बॅडमिंटनमध्ये हे होत नाही. तिथे पाच मिनिटांत निकाल कळतो आणि उरलेला वेळ जिंकणारा कंटाळतो, हरणारा कानकोंडा होतो. याच कारणाने हा नियम आठव्या वर्षी लाड वाटतो, अठराव्या वर्षी अपमान वाटतो आणि स्वतःची मुलं खेळायच्या वयाची झाली की मोठी सोय वाटते.

यावर आक्षेप असा की, मग खेळायचं कशाला, फासेच टाकावेत. पण हा आक्षेप गेम जवळून न पाहणाऱ्याचा आहे. वळणावर ड्रिफ्ट धरायचा, चाकाखालच्या ठिणग्यांचा रंग बदलेपर्यंत थांबायचं आणि बरोबर क्षणी सोडून छोटा वेगझटका घ्यायचा, ही कला हातात बसायला वेळ लागतो. मिळालेलं केळं लगेच न टाकता गाडीच्या मागे धरून ठेवलं तर मागून येणारं लाल कवच त्याच्यावर आदळून फुटतं. मशरूम हातात असेल आणि अंगठा नेमक्या क्षणी पडला तर ब्लू शेलच्या स्फोटातूनही निसटता येतं, आणि २०१४च्या ‘मारिओ कार्ट ८’ने तर ते उडवून लावणारा भोंगाच दिला. एका शर्यतीत दैव घात करू शकतं. चार शर्यतींचा कप खेळा, गुणांची बेरीज करा, चांगला खेळणाराच बहुतेक वेळा वर असतो. ज्याला दैव अजिबातच नको त्याच्यासाठी टाइम ट्रायल आहे: कोरा रस्ता, मोजून तीन मशरूम आणि घड्याळ. ‘६४’च्या रस्त्यांवर सेकंदाच्या शतांशासाठी झगडणारे लोक अजूनही आहेत.

खरा आक्षेप दुसराच आहे, आणि त्याला उत्तर देणं कठीण आहे. मागच्याला सवलत द्यायला हरकत नाही, पण कधी आणि कशी? महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात. ते शर्यतीआधी जाहीर होतं, पुस्तकात छापलेलं असतं, आणि घोडा मैदानात मुद्दाम रेंगाळला म्हणून त्याचं वजन काही उतरवत नाहीत. जपानी लोक आवडीने खेळतात त्या ‘गो’मध्येही कच्च्या खेळाडूला डावाच्या आरंभीच जादा सोंगट्या मांडून देतात. ‘मारिओ कार्ट’मध्ये सवलत शर्यत चालू असताना आणि तुमच्या त्या घटकेच्या जागेवरून मिळते. म्हणजे मागे असणं ही मिळकत झाली. याचा फायदा उठवणारे निघणारच. पट्टीचे खेळाडू मुद्दाम मागे राहतात, चांगली हत्यारं गोळा करतात आणि शेवटच्या टप्प्यात तोफगोळा, तारा, मशरूम एकामागून एक वापरून पुढे घुसतात. इंटरनेटवरच्या शर्यतींत ही रीतसर युद्धनीती झाली आहे. घरात ती चालत नाही. सतरंजीवर शेजारी बसलेला गडी मुद्दाम पेट्यांपाशी घुटमळताना दिसला की कुणीतरी ‘रडीचा डाव’ म्हणून ओरडणारच, आणि पुढच्या शर्यतीत सगळे मिळून त्यालाच धरणार. गेमच्या नियमात एक भोक आहे आणि ते बुजवण्याचं काम भोवती बसलेल्या माणसांवर सोडलेलं आहे. १९९२ साली ती माणसं असणार हे गृहीतच होतं.

माणसं काढून घेतली की काय उरतं ते एकट्याने ग्रांप्री खेळणाऱ्याला कळतं. पहिल्या गेममध्ये यंत्राच्या हातातल्या चालकांना पेट्यांची गरजच नव्हती. योशी अंडी टाकायचा, बाउझर आगीचे गोळे, आणि ती कधी संपतच नसत. ‘६४’मध्ये तुम्ही कितीही अचूक चालवा, मागची गाडी रबरानं बांधल्यासारखी परत पाठीशी येऊन भिडते. दोन माणसांतला फरक मिटवणारी जी दया होती, ती यंत्राने स्वतःवरच करून घेतली की तिला लबाडीशिवाय दुसरं नाव राहत नाही. एकट्याला बसलेल्या ब्लू शेलमागे चिडायला कुणी नसतं, चिडवायलाही नसतं. त्या फटक्याची निम्मी गंमत पलीकडून येणाऱ्या खिदळण्यात होती, ती गेली की नुसता फटका राहतो.

यावर कुणी म्हणेल की आता घरात चार माणसं एकत्र जमतातच कुठे, आणि २०१७ची ‘८ डिलक्स’ तर ६ कोटींहून जास्त खपली, तेव्हा लोकांना अनोळखी गड्यांबरोबर खेळायला आवडतं हे उघड आहे. खपावरून एवढं उघड होत नाही. एका घरात एक प्रत लागते आणि तिच्यावर चौघं खेळतात. एवढ्या प्रती खपण्याचं एक कारण हेही असणार. इंटरनेटची सोय ‘डीएस’ या यंत्रावरच्या आवृत्तीत २००५ साली आली तेव्हाच काय होतं ते दिसलं होतं. सरळ रस्त्यावरही डावी-उजवीकडे सतत ड्रिफ्ट मारत नागमोडी धावायची युक्ती काहींनी साधली, आणि ती न साधलेल्यांना त्यांच्याशी शर्यत लावण्यात अर्थच राहिला नाही. पुढच्या, म्हणजे २००८च्या ‘वी’ आवृत्तीत ड्रिफ्टचं गणित बदलून ती वाट बंद केली. २०१९मध्ये मोबाइलवर आलेल्या ‘मारिओ कार्ट टूर’ने तर नशीब शर्यतीतून काढून दुकानात नेलं: पैसे भरून नळी फोडा, कोणता चालक निघेल तो निघेल. तीन वर्षांनी ती पद्धत निन्टेन्डोने स्वतःच बंद केली. शर्यतीतल्या दैवाबद्दल एवढं बोलणाऱ्यांनी या दैवाबद्दल जास्त ओरडायला हवं होतं, असं मला वाटतं.

‘डिलक्स’मधली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. लहान मुलांसाठी तिच्यात स्टिअरिंग सांभाळणारी मदत आहे. गाडी कड्यावरून पडू लागली की आपोआप आत वळते. ती चालू असली की गाडीच्या मागे एक छोटा अँटेना उभा राहतो, सगळ्यांना दिसेल असा. शिवाय तिची किंमत आहे: गवतातून मारायचे आडरस्ते बंद होतात आणि ड्रिफ्टचा सगळ्यात मोठा, जांभळ्या ठिणग्यांचा झटका मिळत नाही. मोठं होऊ लागलेलं पोर एक दिवस मेनूत जाऊन ती मदत स्वतःच काढून टाकतं. महालक्ष्मीच्या वजनासारखी ही सवलत आधी ठरलेली आणि उघड आहे, आणि तिचा गैरफायदा घेण्यासारखं काही नाही. पेट्यांच्या बाबतीतही असा काही विचार झाला असता तर ब्लू शेलवरची निम्मी भांडणं मिटली असती.

झालं उलटंच. २०२५च्या जूनमध्ये स्विच २ या यंत्राबरोबर आलेल्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’मध्ये एका शर्यतीत २४ गाड्या आहेत. मधल्या गर्दीत सापडलात तर एका फटक्यातून उठेपर्यंत दुसरा बसतो, आणि कुणी मारला हे बघायलाही सवड नसते. तिच्यातल्या नॉकआउट टूरमध्ये प्रत्येक टप्प्यावर मागचे चौघे बाद होतात. थरारक प्रकार आहे, नाकारत नाही, पण शेवटपर्यंत सगळ्यांना शर्यतीत ठेवायला जी गेम ब्लू शेल बाळगते, तिनेच मागच्यांना घरी पाठवावं हे विचित्र आहे. आणि एकत्र बसणाऱ्यांची आबाळ तर जुनीच आहे. ‘६४’ ही चौघांना एकदम खेळू देणारी पहिली आवृत्ती, पण तिसरा किंवा चौथा गडी आला की यंत्राला झेपत नाही म्हणून संगीत बंद पडायचं. ‘८’मध्ये एक-दोघं खेळतात तोवर सेकंदाला ६० चित्रं, तिसऱ्याने कंट्रोलर हातात घेतला की ३०. १९९६ साली हे समजण्यासारखं होतं. आज यंत्राची ताकद कित्येक पटींनी वाढली आहे, आणि तिच्यातली बरीचशी ‘वर्ल्ड’मधल्या, घरातल्या चौघांखेरीज उरलेल्या वीस गाड्या पळवण्यात जाते.