तडा जिथे थांबतो

जुन्या जीपला मुळात लोखंडी दरवाजे नव्हतेच. दुसऱ्या महायुद्धात, 1941 पासून, जी विलीज जीप धावली तिच्या दोन्ही बाजू उघड्या होत्या. आपल्या कोकणात मात्र पाऊस आडवा येतो. म्हणून इथल्या गॅरेजांत पत्र्याचे दरवाजे घडवून जीपला बसवले जात. आमच्या 1987 सालच्या एमएम 540 ला अब्बांनी असेच दरवाजे करून घेतले होते.

उघड्या अंगाच्या गाडीवर हे वजन लटकले की तडा बहुधा बिजागरीच्या कोपऱ्यात जातो. घाटाखालच्या कच्च्या वाटेवर एक चाक खड्ड्यात, दुसरे दगडावर. चासी पिळवटते आणि तिच्याबरोबर बॉडीही. त्यात डिझेल इंजिनाची थरथर. बिजागरीची पिन झिजली की दरवाजा खाली उतरतो. मग तो उचलून आपटावा लागतो. प्रत्येक आपटण्यासरशी तडा केसभर पुढे सरकतो.

अब्बांच्या इंतकालानंतर कुवेतच्या भावाचा फोनवर एकच आग्रह होता : गाडी भंगारात दे. त्याचेही खोटे नव्हते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, वर पर्यावरण कर. पण याच गाडीतून अब्बांनी भर पावसात वाडीतल्या अडलेल्या बायका दवाखान्यात पोहोचवल्या होत्या. त्यात कुणाची जात-जमात त्यांनी विचारली नाही. अम्मी म्हणाली, "आधी मिस्त्रींना दाखव. मग विकायची तर विका."

चिपळूणचे आमचे मिस्त्रीचाचा सत्तरीचे. वेल्डिंगच्या उजेडाने नजर अधू झालेली, तरी बोट फिरवून ते तडा ओळखतात. पूर्वी कुणीतरी त्यावर लांबी भरून रंग मारला होता. चाचांनी ती सारी खरवडून काढली.

"लांबी तडा झाकते, जोडत नाही," ते म्हणाले.

मग तड्याचे टोक शोधून नेमके तिथे त्यांनी तीन मिलिमीटरचे भोक पाडले. मी पाहतच राहिलो. फाटलेल्या पत्र्याला आणखी भोक?

"टोकाला सगळा ताण सुईएवढ्या जागेवर येतो बेटा. गोल भोकात तो वाटला जातो. आधी तडा थांबव, मग जोड."

बॅटरीची तार सोडवली, पत्रा चकाकेपर्यंत घासला. सलग वेल्डिंग केले तर पातळ पत्रा तापून वाकतो; म्हणून एक टाका इथे, एक तिथे, मध्ये निवू द्यायचे. आतून तिकोनी पट्टी जोडली, कारण नुसते वेल्डिंग केले तर पुढचा तडा त्याच्या कडेनेच जातो. पिना बदलून दरवाजा पातळीत आणला. तळाशी पाणी जायची भोके चिखलाने बुजली होती, ती मोकळी केली. वर रेड ऑक्साइड. लांबी लागली ती ग्राइंडरचे ओरखडे बुजवण्यापुरती.

या जीपा भारतात जोडणारी कंपनी 1945 साली सुरू झाली, तेव्हा तिच्या नावात महिंद्रांबरोबर मोहम्मदही होते. फाळणीनंतर मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 साली कंपनीचे नाव बदलले. नावातला मोहम्मद गेला. पण गावोगावच्या गॅरेजांत या जीपा जगवणारे हात इथेच राहिले. त्या हातांत आपल्या माणसांचे हात थोडे नाहीत. त्यांची नोंद कुठल्या इतिहासात सापडायची नाही.

चाचांचा नातू संगणक शिकतो. त्याने या कामात येऊ नये, ही चाचांचीच इच्छा. डोळ्यांची किंमत त्यांना ठाऊक आहे. मात्र भोक पाडताना त्यांनी त्याला मुद्दाम जवळ उभे केले होते.

मी दरवाजाचा फोटो भावाला पाठवला. रात्री त्याचा फोन आला. विक्रीचा विषय त्याने काढला नाही. एवढेच विचारले, "अजून आपटावा लागतो का?"

"नाही. एका बोटाने लागतो."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मी सुट्टीवर येईपर्यंत राहू दे."