बंदूक सरकारची, पेन्शन घरची

१ जानेवारी आली की आमची बातमी ठरलेली. नगर रस्ता बंद, जड वाहनं सोलापूर रस्त्यानं, थेऊर फाट्यावर कोंडी, चोख बंदोबस्त. लोणी काळभोरमध्ये बसून गेली काही वर्षं मी हेच लिहितोय.

यंदा बातमी छापून आली आणि एका निवृत्त फौजी बाबांचा फोन आला. "जय भीम, पत्रकार. रस्ता जाम झाला हे लिहिलंत. माणसं तिथं कशापायी जातात, ते कधी लिहिणार?"

खरं सांगतो, उत्तर नव्हतं. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो. महार रेजिमेंटचा गणवेश, हातात थ्री-नॉट-थ्री रायफल. बाबांनीही ट्रेनिंगला ती चालवलेली. म्हणाले, "चार किलोची होती. आत दहा गोळ्या. दर गोळीला बोल्ट मागं ओढायचा, पुढं ढकलायचा."

"आता कुठंय ती?" मी विचारलं.

बाबा हसले. "बंदूक सरकारची असती. घरी येती ती पेन्शन."

सगळा इतिहास या एका वाक्यात आहे बघा.

१८१८ च्या कोरेगाव भीमाच्या लढाईत शिपायांच्या हातात ठासणीच्या बंदुका होत्या. तिथल्या स्तंभावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ महार सैनिकांची. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांना मुद्दाम एक पिढी जुनी बंदूक द्यायला सुरुवात केली. आणि १८९२ च्या सुमाराला 'लढाऊ जाती'चं खूळ काढून महारांची भरतीच थांबवली. ज्यांच्या जिवावर लढाया जिंकल्या, तेच एका हुकमानं 'लढाऊ नाहीत' ठरले.

बंदूक गेली, तिच्याबरोबर पगार गेला, पेन्शन गेली, पलटणीच्या शाळेत पोरांना मिळणारं शिक्षण गेलं. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे अशाच लष्करी शाळेतले शिक्षक. त्या शाळेनं काय घडवलं, हे मी सांगायला नको.

म्हणून १८९४ मध्ये निवृत्त फौजी गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारकडे अर्ज केला. १९१० मध्ये आपल्या पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली, १९२१ मध्ये मोडली. अखेर बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट सुरू झाली.

अमेरिकेतही तेच. तिथल्या यादवी युद्धात सुमारे १,८०,००० काळे सैनिक लढले. गोऱ्याला महिना १३ डॉलर, काळ्याला हातात ७. समान पगार मिळायला १८६४ उजाडलं.

'इंग्रजांसाठी लढले' असं कमेंटमध्ये लिहिणारे येतीलच. त्यांना एवढंच विचारतो: कंपनीच्या पलटणीत सगळ्याच जातींचे लोक होते. मग हिशेब एकालाच का मागता?

निघताना बाबा म्हणाले, "फोटो काढून घ्या. माझ्यामागं भिंतीवर राहील न राहील."

काढला. पुढच्या १ जानेवारीला कोंडीची बातमी देईनच, ते आमचं कामच आहे. पण तिच्या वर हा फोटो असेल.

तुमच्या घरात, आळीत असा फोटो असेल तर कळवा. मी येतो.