दोन नावं

मुलं शाळेत गेली की सित्र्यातल्या घरी मी संगणक शिकायला बसते. ऑम्नीऑर्बच्या नामसेवेत 'नेमसीएलटी' ही आज्ञा देऊन नाव बांधता येतं. मग लांबलचक पत्ता नको, नाव विचारलं की सर्व्हर सापडतो. परवा मी एक नाव 'अनबाइंड' केलं. सर्व्हर चालूच होता. पण त्या नावाने विचारलं, तर सापडेना!

मला तांदळाचं ताट आठवलं. गृहप्रवेशानंतर ह्यांनी अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं होतं. एम.ए.ची पदवी मात्र माहेरच्या नावाची, आणि माझे विद्यार्थी त्याच नावाच्या बाईंना ओळखतात. ते मला शोधणार कसे?

नामसेवेत एकाच सर्व्हरला दोन नावं चालतात. मंडळाच्या यादीत यंदा मीही दोन्ही लिहून दिली.