दुरुस्तीपूर्वी घराची परीक्षा

बँकेत कर्जप्रकरण मंजूर करण्यापूर्वी तारण मालमत्तेचे मूल्यांकन होत असे. मूल्यांकनकाराची नेमणूक बँक करी, कर्जदार नव्हे. व्यवहारात ज्याचा लाभ आहे, त्याच्या मतावर विसंबू नये, एवढेच त्यामागील तत्त्व. सांगलीच्या गावभागातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या नूतनीकरणाचा विषय निघाला, तेव्हा ते मला फार उपयोगी पडले.

घर चुन्यात बांधलेल्या विटांचे, सागवानी तुळयांचे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात तळमजल्यावर पाणी शिरले आणि पुढे स्वयंपाकघराच्या भिंतीत तिरकी भेग दिसू लागली. त्या भिंतीलगतच आमच्या 87 वर्षांच्या मातुःश्रींची खोली होती.

थोरल्या बंधूंनी तीन कंत्राटदार बोलावले. एकाने सिमेंटचा गिलावा सुचविला, दुसऱ्याने भिंत काढून माजघर व स्वयंपाकघर एक करण्याचा बेत मांडला, तर तिसऱ्याच्या मते सारे घरच पाडणे श्रेयस्कर होते. मी म्हणालो, "अण्णा, ज्याला हे काम मिळणार नाही, अशा माणसाकडून आधी घर तपासून घेऊ." केवळ पाहण्याचे पैसे द्यावयाचे, हे त्यांना प्रथम रुचले नाही, पण त्यांनी संमती दिली.

ज्या अभियंत्यांना प्रथम भेटलो, त्यांचा अनुभव आरसीसी इमारतींचा होता. काँक्रीटची मजबुती अजमावणारे आपले उपकरण चुन्याच्या भिंतीवर निरुपयोगी आहे, असे त्यांनीच प्रांजळपणे सांगितले आणि जुने वाडे हाताळलेल्या एका अभियंता भगिनींचे नाव सुचविले. आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगणारा तज्ज्ञ हा मोठाच आधार असतो.

त्या भगिनींनी प्रथम पागोळ्यांचे व मोरीचे पाणी कोठे जाते ते पाहिले. माळ्यावर चढून, भिंतीत शिरलेली तुळयांची टोके हातोडीने ठोकून व टोच्याने टोचून तपासली. मोरीलगतच्या दोन तुळया आतून कुजलेल्या निघाल्या. भेगेवर काचपट्ट्या बसवून त्यांवर तारीख लिहिली. नदीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. म्हणून पायाविषयीचे मत एक वर्ष पाहूनच देईन, असे त्या म्हणाल्या. अहवाल लेखी व छायाचित्रांसह होता. भिंत भारवाही असल्याने काढू नये, सिमेंटच्या गिलाव्याने ओल आत कोंडते म्हणून गिलावा चुन्याचाच करावा, तुळयांना त्वरित टेकू द्यावेत आणि मातुःश्रींना सोप्याकडील खोलीत हलवावे, असे त्यात स्पष्ट नमूद होते.

"लग्न होऊन आले तेव्हापासून माझं अंथरूण इथंच आहे," असे म्हणून आईने नकार दिला. तेव्हा त्या भगिनी तिच्याजवळ बसल्या आणि कुजलेल्या लाकडाचा भुगा त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. आई काही बोलली नाही. सायंकाळी तिने स्वतःच आपली ट्रंक हलवावयास सांगितली.

वर्षभर काचपट्ट्या अभंग राहिल्या. पाया स्थिर असल्याचा निर्वाळा मिळाला. दोन तुळया बदलल्या, मोरीचा निचरा सुधारला आणि परवानाधारक तंत्रज्ञाकडून वीजजोडणी व अर्थिंग तपासून घेतले. तपासणीचे शुल्क एकूण खर्चाच्या मानाने अल्प होते.

वाचकांपैकी कोणी जुन्या घराला हात घालणार असतील, तर तज्ज्ञांना आधी तीन प्रश्न विचारावेत: अशा बांधणीची घरे आपण पूर्वी तपासली आहेत काय? अहवाल लेखी देणार काय? आणि दुरुस्तीच्या कामात आपला काही हितसंबंध आहे काय?