बारा हातांपलीकडचे स्वतंत्रपूर

दोन महिन्यांपूर्वी औंध संस्थानावरील धाग्यात मी एक वाक्य लिहिले होते : 'आटपाडीजवळच्या माळावर एका तुरुंगाधिकाऱ्याने सहा खुनी कैद्यांना आणले आणि केवळ आपल्या नजरेच्या बळावर त्यांना पुन्हा माणसांत आणले.' सोबत 'दो आँखें बारह हाथ'मधील व्ही. शांताराम यांचे कृष्णधवल छायाचित्र जोडले होते. धागा पुष्कळ फिरला. माझ्या मामेभावाने तर ते वाक्य शाळेच्या हस्तलिखितात जसेच्या तसे उतरवले. तिसऱ्या दिवशी एका वाचकाने शांतपणे विचारले, "सहा हा आकडा कोणत्या कागदातून घेतला?"

मी टिपणवही उघडली. राजांविषयी नोंदी होत्या, घटनेविषयी होत्या, वसाहतीविषयीही होत्या. 'सहा' मात्र कोठेच नव्हते. तो आकडा मी चित्रपटातून उचलला होता आणि उचलल्याचे मला कळलेही नव्हते. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात पहिल्याच सत्रात साधनचिकित्सा शिकवतात. तीत मी चांगले गुण मिळवले होते, हे येथे सांगून टाकते.

आजचा धागा ही त्या वाक्याची दुरुस्ती आहे. परंतु आरंभ शांतारामबापूंपासूनच करावा लागेल. दिग्दर्शक स्वतः पडद्यावर उभा राहतो तेव्हा कथेचे काय होते, हे पाहिल्याशिवाय माझी चूक कशी घडली ते उलगडत नाही.

शांताराम यांची ओळख आपल्याला दिग्दर्शक म्हणून आहे. त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात मात्र कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करणारा तरुण म्हणून झाली. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये ते शेलारमामा झाले, म्हणजे विशीच्या पहिल्याच टप्प्यावर त्यांनी म्हातारा रंगवला. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणारा तरुण शेतकरी त्यांनी केला. हा मूकपट आज आपल्याला पाहता येत नाही, त्यामुळे त्यांच्या अभिनयाविषयी मी मत देणार नाही. खंत मात्र आहे. माण-खटाव-आटपाडीच्या पट्ट्यातून मुंबईच्या गिरण्यांकडे गेलेल्या माणसांची ती कथा आहे. आमच्या घरातील दोन पिढ्यांनी ती वाट तुडवली आहे.

१९२९ मध्ये 'प्रभात' उभी राहिली आणि त्यानंतर बरीच वर्षे ते कॅमेऱ्याच्या मागेच राहिले. पुढे 'प्रभात' सोडून त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर काढले आणि १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'त मुख्य भूमिका स्वतःकडे घेतली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तेथेच वारले. चित्रपट आला तेव्हा त्यांच्या मृत्यूला चार वर्षेही झाली नव्हती. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर तो आधारलेला होता. त्यात अतिरंजन आहे, चिनी वेशातील भारतीय नट-नट्या आज अवघडल्यासारख्या वाटतात. पण खऱ्या माणसाचे नाव, गाव आणि मरण त्यात शाबूत आहे. चित्रपट पाहून कोणी सोलापूरला कोटणिसांचे घर शोधू लागला, तर त्याला ते सापडते.

'स्त्री' (१९६१) या शाकुंतलावरील चित्रपटात साठीला टेकलेले शांताराम दुष्यंत झाले. त्याविषयी मी इतकेच म्हणेन की, तो पाहताना मला शकुंतलेपेक्षा सिंह अधिक सहज वाटले.

या सर्व भूमिकांत माझ्या मते सर्वांत उत्तम तो १९५७ चा आदिनाथ. सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर काढून ओसाड जमिनीवर राबवणारा, त्यांनी पिकवलेली भाजी बाजारात रास्त भावाने विकायला लावणारा आणि अखेरीस चिडलेल्या व्यापाऱ्याच्या माणसांनी सोडलेल्या बैलाशी झुंजताना मरणारा तुरुंगाधिकारी. येथे शांताराम फार कमी बोलतात. पंचावन्न वर्षांचा तो चेहरा, आखूड केस, ताठ मान आणि पापणी न लवणारी नजर, एवढ्यावर भूमिका उभी आहे. कैदी पळू लागतात तेव्हा ते डोळे त्यांच्या मनात पाठलाग करतात. बैलाच्या प्रसंगाच्या चित्रीकरणात खुद्द शांताराम यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि काही काळ डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना पडून राहावे लागले. 'नवरंग' (१९५९) सुरू होतो तो तेच पडद्यावर येऊन त्या अंधारातील रंगांविषयी बोलतात तेथून. चित्रपटाला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. तमिळमध्ये १९७५ साली त्याची पुनर्निर्मिती झाली. तीत आदिनाथाच्या जागी एम. जी. रामचंद्रन होते आणि दोनच वर्षांत ते मुख्यमंत्री झाले. एकट्या तारणहाराची भूमिका किती दूरवर उपयोगी पडते पाहा!

कथा ग. दि. माडगूळकर यांची. येथून आपण सातारा-सांगलीत येतो.

गदिमांचा जन्म १९१९ चा, आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथील. आज हा भाग सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा तो औंध संस्थानात होता. नकाशा समजून घेणे आवश्यक आहे, कारण माझ्या मागील धाग्याखाली निम्मा गोंधळ त्यावरूनच झाला. राजधानीचे औंध आजच्या सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात. आटपाडी आणि कुंडल आज सांगलीत, गुणदाळ तर पार विजापूरकडे. अवघी ७२ गावे आणि तीही तुकड्यातुकड्यांत विखुरलेली. औंधच्या राजाला स्वतःच्या एका महालातून दुसऱ्यात जायचे तर मधला मुलूख इतरांचा. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. म्हणून एकाच संस्थानाची गोष्ट सांगताना आपण दोन जिल्ह्यांत ये-जा करतो.

राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनाचे रसिक आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक. १९३८ च्या अखेरीस त्यांनी आपले अधिकार प्रजेला देण्याची घोषणा केली. गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये अमलात आली. ग्रामपंचायती हा तिचा पाया होता. देशात बहुतेक संस्थानिक प्रजा परिषदांशी झगडत होते त्या वेळी हे घडत होते. यात दोन माणसांचा वाटा मोठा. एक राजपुत्र अप्पासाहेब पंत. दुसरे मॉरिस फ्रिडमन, वॉर्सातून आलेले ज्यू अभियंते. बंगळूरच्या सरकारी वीजसाहित्य कारखान्याची धुरा सांभाळणारा हा माणूस भगवी वस्त्रे घालून भारतानंद झाला आणि अप्पासाहेबांच्या ओढीने औंधात आला. सूतकताईची धनुष तकली विकसित करणारे तेच आणि उतारवयात मुंबईतल्या निसर्गदत्त महाराजांचे संवाद इंग्रजीत आणणारेही तेच. त्यांच्यावर स्वतंत्र धागा हवा. येईल.

भारतानंदांचे म्हणणे असे की, जे राज्य प्रजेवर विश्वास टाकते त्याने कैद्यावरही टाकून पाहावा. त्यातून आटपाडीजवळ कैद्यांची मुक्त वसाहत वसवली गेली. नाव ठेवले स्वतंत्रपूर. भिंती नाहीत, कसायला जमीन, राहायला घर आणि, येथे थांबून वाचा, सोबत कुटुंब.

हे 'सोबत कुटुंब' माझ्याकडे टिपणवहीत लिहिलेले होते. तरीही मागील धाग्यात ते उतरले नाही. सहा दाढीवाले पुरुष, बारा हात आणि समोर दोन डोळे हे चित्र इतके घट्ट होते की कागदावरच्या बायकामुलांना त्यात जागाच उरली नाही.

चूक कळल्यावर मी आजीला फोन केला. तिचे माहेर आटपाडी भागातले. लहानपणी ती स्वतंत्रपुराला 'कैद्यांचं गाव' म्हणायची, एवढे मला आठवत होते. मी तिला चित्रपटाची गोष्ट सांगितली, बारा हातांचा अर्थ समजावला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आगं बये, बाराच हात कशानं? तिथं बायका न्हवत्या व्हय? मग भाकऱ्या कुणी थापल्या?"

आजीचे बोलणे हा दस्तऐवज नव्हे, हे मी जाणते. परंतु तिच्या प्रश्नाने माझ्याच वहीतील ओळ मला प्रथम नीट वाचता आली. चित्रपटात कैद्याला बांधून ठेवते ती आदिनाथची नजर. ती हटली की माणूस ढळतो आणि ती आठवली की परत येतो. स्वतंत्रपुराची कल्पना याच्या जवळजवळ उलट होती. तेथे कैद्याला थोपवायला कोणाचे डोळे नकोत, हाच तर प्रयोग होता. घरी मूल आजारी आहे, ज्वारी काढणीला आली आहे, उद्या बाजार आहे, अशा साध्या गोष्टींनी माणूस जागेवर राहतो का, हे पाहायचे होते. आणि विश्वास टाकणारा कोणी एक नव्हता. घटना मान्य करणारा राजा होता, राजपुत्र होता, भगव्या वस्त्रातला पोलिश अभियंता होता आणि आसपासच्या गावांतली माणसे होती, ज्यांनी शिक्षा झालेल्यांची शेजारवस्ती स्वीकारली. या शेवटच्यांविषयी आपण सर्वांत कमी लिहिले आहे, आणि धोका तर त्यांनीच पत्करला होता.

चित्रपटाने हे सर्व एका माणसात गोळा केले. अडीच तासांच्या कथेला एक नायक लागतो, हे मान्य. परंतु दिग्दर्शकच नायक असतो तेव्हा आणखी काही घडते असे मला वाटते. चौकट ठरवणारा डोळा आणि चौकटीतला डोळा एकच होतो. मग कैद्यांकडे पाहणारे दुसरे कोणी उरत नाही. आदिनाथ मेला तरी त्याचे डोळे राहतात, ही या चित्रपटाची ताकद आहे आणि इतिहास म्हणून पाहिले तर तिथेच त्याचे न्यूनही आहे. कोटणीस करताना शांताराम यांना खऱ्या माणसाच्या नावाला बांधून राहावे लागले होते. आदिनाथ करताना तसे बंधन नव्हते. औंध, आटपाडी, भारतानंद यांपैकी काहीच पडद्यावर नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. हा चित्रपट नसता तर मी स्वतंत्रपुराकडे वळलेच नसते. औंधची घटना अभ्यासकांना ठाऊक आहे. स्वतंत्रपूर सर्वांना ठाऊक आहे ते गदिमा आणि शांताराम यांच्यामुळे. वसंत देसाईंनी बांधलेली त्यातली प्रार्थना आमच्या शाळेत रोज सकाळी होत असे. तिच्यामागे आमच्याच शेजारचा तालुका आहे हे तेव्हा कोणी सांगितले नाही. बहुधा सांगणाऱ्यांनाही ठाऊक नसावे.

गेल्या महिन्यात औंधचे संग्रहालय पाहून विट्यामार्गे आटपाडीला गेले. वसाहत आजही आहे, कारागृह विभागाच्या ताब्यात. आत जाण्यासाठी परवानगी लागते. माझ्याकडे ती नव्हती, म्हणून रस्त्यावरूनच पाहिले. डाळिंबाच्या बागांमधून जाणारा रस्ता, उन्हाने पांढरी पडलेली माती. छायाचित्र काढले नाही. तेथे आज राहणारी माणसे माझ्या धाग्यासाठी तेथे राहत नाहीत. रीतसर अर्ज आता केला आहे.

मागील धाग्यातील ते वाक्य मी काढले आहे. त्याच्या जागी आता हे आहे : 'औंध संस्थानाच्या काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची भिंतीविना वसाहत सुरू झाली, तेथे कैदी आपल्या कुटुंबांसह राहत आणि शेती करत.' शांताराम यांचे छायाचित्र तेथून हलवून या धाग्याच्या आरंभी लावले आहे, खाली चित्रपटाचे नाव आणि वर्ष लिहून. मामेभावाच्या हस्तलिखिताची प्रत शाळेच्या कपाटात गेली आहे. त्याच्या बाईंना चिठ्ठी लिहिली आहे.