काढला तोच ऑक्सिजन परत!

ग्लुकोजचा रेणू बघितलात? सहा कार्बन, सहा ऑक्सिजन. माणशी एक. आता ग्लायकॉल बघा, ज्यापासून पॉलिएस्टरचा शर्ट आणि पाण्याची बाटली होते. दोन कार्बन, दोन ऑक्सिजन. इथेही माणशी एक! म्हणजे ग्लुकोजचे तीन तुकडे करा, थोडा हायड्रोजन द्या, काम फत्ते.

प्रत्यक्षात काय करतात? उत्तराखंडात काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्सने १९८९ मध्ये उसाच्या मळीपासून ग्लायकॉल बनवायला सुरुवात केली. पहिला मान यीस्टचा. तिशीच्या तापमानाला निवांत साखर खायची, इथेनॉल करायचं आणि सहापैकी दोन कार्बन चार ऑक्सिजनसकट हवेत सोडून द्यायचे. मग तीनशे-चारशे अंशांवर अ‍ॅल्युमिना त्या इथेनॉलमधून पाणी काढतं, उरतं इथिलीन. ऑक्सिजन शून्य. आणि मग? चांदीचा उत्प्रेरक घेऊन त्याच इथिलीनला पुन्हा ऑक्सिजन चिकटवायचा, वर पाणी घालायचं, की झालं ग्लायकॉल. अरे, मग काढला कशाला होता!

हिशेब केला. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून या वाटेने अगदी कागदावरसुद्धा १२४ ग्रॅमच ग्लायकॉल मिळतं. सरळ तुकडे केले तर १८६ (हायड्रोजनचे ६ ग्रॅम धरून). मधला फरक उसाचा आहे, आणि ऊस किती पाणी पितो ते आपल्याला कुणी सांगायला नको.

पण हा वेडेपणाही नाही. इथिलीन म्हणजे पेट्रोकेमिकलवाल्यांचा जुना इंटरफेस. नाफ्थ्याचं असो की मळीचं, पुढच्या यंत्रांना फरक पडत नाही. लेगसी सिस्टीमला हात न लावता आपण अ‍ॅडॅप्टर लिहितो ना, तसंच.

सरळ वाटही आहे बरं का. २००८ मध्ये चीनमधल्या डालियानच्या ताओ झांग यांच्या गटाने निकेल घातलेल्या टंगस्टन कार्बाइडवर सेल्युलोजचं थेट ग्लायकॉल केलं, यीस्टशिवाय. अडचण अशी की सोबत प्रॉपिलीन ग्लायकॉल, ब्युटेनडायॉल वगैरे भाऊबंद येतात. त्यांचे उत्कलनबिंदू जवळजवळचे, वेगळं करता करता दमछाक. यीस्ट कार्बन उधळतं खरं, पण माल जवळपास एकच देतं.

त्यामुळे काशीपूरच्या चालत्या कारखान्याला मी नावं ठेवणार नाही. पण उद्या कुणी नवा काढत असेल, तर माझं मत टंगस्टनला. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घालायचं लक्ष्य २०२५ मध्ये गाठल्यापासून त्या इथेनॉलला तसंही दुसरं गिऱ्हाईक मिळालंय.