पाट आणि चारी

धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या फड पद्धतीत बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या फुटतात आणि पाटकरी पाळीने शेतांना पाणी देतो. पाट डागडुजी करताना चारीचे तोंड बुजले, तर पाट धडधाकट राहूनही तिच्याखालचे शेत सुकते. महाधमनीच्या दुरुस्तीतील धोका मला या व्यवस्थेमुळेच नीट उमगला.

आमचे थोरले काका, म्हणजे आबा, साक्रीकडचे शेतकरी. बिडीचे व्यसन जुने. मूतखड्याच्या शंकेने जळगावला सोनोग्राफी केली, तेव्हा पोटातील महाधमनी ६ सेंटिमीटर फुगल्याचे आढळले. एरवी तिची रुंदी सुमारे २ सेंटिमीटर असते. पुरुषांत फुगवटा ५.५ सेंटिमीटरवर गेला की तो फुटण्याच्या भीतीने दुरुस्तीचा विचार होतो. पोट न उघडता, जांघेतील धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट बसवण्याचे ठरले. हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्युनॉस आयर्स येथे पोटातील महाधमनीसाठी हा मार्ग प्रथम अवलंबला.

ही अस्तराची नळी विजारीसारखी दोन पायांची असते. तिचा एखादा पाय मुडपला किंवा त्यात गुठळी झाली, तर त्या बाजूच्या पायाचे रक्त थांबते. नितंबांकडची शाखा झाकली गेल्यास चालताना तेथे कळ येते. कधी लहान शाखांतून रक्त उलटे वाहून फुगवट्यात झिरपत राहते.

मुंबईत शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. घरी आल्यावर काकूंनी नेम धरला: रोज रात्री आबांची दोन्ही पावले हात लावून पाहायची. तिसऱ्या आठवड्यात डावे पाऊल गारठलेले, फिकट आणि बधिर लागले. पौषाचे दिवस, आबा म्हणाले, थंडीच आहे. काकू उत्तरल्या, ‘‘एकच पायले थंडी वाजस का?’’

त्याच रात्री गाडी नाशिकला नेली. नळीचा डावा पाय मुडपून गुठळीने बंद झाला होता. गुठळी काढून आत आधाराचा स्टेंट घातला, पाऊल वाचले. अशा वेळी काही तासांचा उशीरही पाय गमावण्यास पुरेसा ठरतो.

पुढच्या स्कॅनमध्ये मागून किंचित झिरप दिसली. परंतु फुगवटा वाढत नसल्याने डॉक्टरांनी केवळ लक्ष ठेवले आहे. आबांची बिडी सुटली. वर्षातून एकदा तपासणीला जायचे, हे आता घरात पेरणीइतकेच ठरलेले असते. ज्यांच्या घरी पासष्टी ओलांडलेले, धूम्रपान केलेले वडीलधारे असतील, त्यांनी पोटाची एक सोनोग्राफी डॉक्टरांच्या सल्ल्याने अवश्य करून घ्यावी. फुगवटा बहुधा मुकाच असतो.